वेरोनिकाचं वर्ष

माझं तोंड म्हणजे उकळतं पाणी, असं सासूबाई म्हणतात. लॉन्ड्रीवालीचं तोंड तसंच असायचं, असं मी म्हणते. तेव्हा मी सांगते ते वाफेसकट ऐकून घ्या.

आमच्या घरात एक पद्धत आहे. वर्षाच्या पहिल्या संध्याकाळी जेवणं उरकली की सासूबाई कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढतात. त्यात संतांची चित्रं आहेत, पत्त्यांएवढी, कोपरे मऊ पडलेली. डोळे मिटायचे आणि एक चित्र काढायचं. जो संत निघेल तो वर्षभर तुमचा. त्याची प्रार्थना म्हणायची, त्याची गोष्ट लक्षात ठेवायची, आणि कुठे अडलं की विचारायचं, हा माझ्या जागी असता तर काय केलं असतं? बदलून मिळत नाही. एकदा मी हळूच दुसरं चित्र ओढायला गेले, तर सासूबाईंनी झाकण माझ्या बोटांवर आपटलं. म्हणाल्या, "हा काय भाजीबाजार आहे, दाबून बघून घ्यायला?"

यंदा आमच्या ह्यांना पुन्हा संत योसेफ निघाले, येशूला सांभाळणारे वडील. मी पोट धरून हसले. अख्ख्या बायबलात ह्या योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. आमचे हेही तसेच. ह्यांचा आवाज ऐकायचा तर ह्यांना ताप यावा लागतो, मग झोपेत बडबडतात. "देवानं जोडी बरोबर लावली," मी म्हटलं. हे नुसते हसले. म्हणजे तेव्हाही बोलले नाहीतच.

मला वेरोनिका निघाली. येशू क्रूस घेऊन चालला होता, तोंडावर रक्त, घाम, लोकांची थुंकी. शिपाई, गर्दी, आरडाओरडा. त्या गर्दीतून ही बाई पुढे झाली आणि तिनं आपल्या कापडानं त्याचं तोंड पुसलं. म्हणतात, त्या कापडावर त्याचा चेहरा उमटला.

"चला, बरं झालं," मी म्हटलं. "कपड्यावरच्या डागांची संत. आपल्या धंद्यातलीच आहे."

सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "डागांची नाही गं बाई, धैर्याची आहे ती."

"मग काय झालं? धैर्य माझ्याकडे कमी आहे का? रस्त्यावर विचारा कुणालाही."

"तोंड आहे," सासूबाई म्हणाल्या. "धैर्याचं बघू."

आता खरं सांगायचं तर सासूबाईंचा नेम चुकला नव्हता. आमचं दुकान रस्त्याला लागून. पुढे काउंटर आणि काचेची खिडकी, खिडकीत दांडी, दांडीवर इस्त्री झालेले कपडे टांगलेले. मागे बॉयलर, धुण्याच्या टाक्या आणि गल्लीत उघडणारं मागचं दार. दुकानात सगळ्या तऱ्हेचे लोक येतात. त्यांच्यासमोर मी भाव, डाग, हवामान, सरकार, सगळ्यावर बोलत असे, पण देवावर एक अक्षर नाही. जेवणाआधी क्रूसाची खूण करायची तर टांगलेल्या कोटांच्या मागे जाऊन करायची. गळ्यातलं क्रूसाचं पदक कपड्यांच्या आत. मला कुणी अडवलेलं नव्हतं. पण लोक काय म्हणतील ही धास्ती कुणी घालून द्यावी लागत नाही, ती आपली आपणच पाळतो.

आमच्या समोर बेकरी. बेकरीवाले भाऊ आणि वहिनी. वहिनी माझी जिवाची मैत्रीण, तिला सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही. बेकरीचे पांढरे कोट, एप्रन, टोप्या, सगळं धुणं आमच्याकडे. त्यांची धाकटी मुलगी रोज शाळेच्या व्हॅनने जायची. व्हॅन चालवणाऱ्याला सगळी पोरं मामा म्हणायची, म्हणून तो अख्ख्या रस्त्याचा व्हॅनमामा. पन्नाशीचा, एकटा, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत राहणारा माणूस.

वसंत सुरू होता होता ती व्हॅन वळणावर दिव्याच्या खांबावर आदळली. बाकीच्या पोरांचं खरचटण्यावर निभावलं. बेकरीवाल्यांच्या धाकटीचा पाय मोडला. ऑपरेशन झालं, सळई घातली, प्लास्टर मांडीपर्यंत. मी दवाखान्यात वहिनीला धरून बसले होते. त्या मुलीचं रडणं अजून कानात आहे.

मामांचं म्हणणं, ब्रेक लागलाच नाही. रस्त्याचं म्हणणं, प्यायला होता. एके काळी मामा प्यायचे, हे खरं. कधीचीच सोडली होती, हेही खरं. पण लोकांना नेमकं पहिलंच आठवलं. व्हॅन पोलिसांकडे गेली, चौकशी सुरू झाली, आणि रस्त्यानं चौकशीची वाट न बघता निकाल लावून टाकला. किराणावाला उघडं पोतं समोर ठेवून मामांना म्हणाला, "तांदूळ संपलेत." मामा दिसले की आया पोरांना पदराआड, नाहीतर दाराआड घ्यायच्या.

एके दुपारी, सगळा रस्ता पेंगत असताना, आमच्या मागच्या दारावर टकटक झाली. मामा उभे. डाव्या हातात गाठोडं.

"ताई, धुऊन द्याल का?"

आधी मी गल्लीत दोन्हीकडे बघितलं, मग गाठोडं घेतलं. "उद्या याच वेळी या," मी म्हटलं. "याच दारानं."

गाठोडं सोडलं तर त्यात एक शर्ट, उजव्या खांद्यावर आतून रक्त सुकून कडक झालेलं. रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, गरम पाण्यानं ते कपड्यात कायमचं मुरतं. मी शर्ट गार पाण्यात मीठ घालून भिजवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "खांद्याला काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, लागलं थोडं." उजवा हात अंगाशी धरलेला होता. मी पुढे विचारलं नाही. मला ते गेलेले हवे होते.

असं बरेच दिवस चाललं. एकदा ते दारातच म्हणाले, "ताई, मी इथून निघून जावं म्हणतो."

"कुठे?"

"ते काही ठरलं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. कुणी बोलतच नाही हो. आज दिवसभरात तुम्ही पहिल्या."

ते ज्या आवाजात 'निघून जावं' म्हणाले तो आवाज मला आवडला नाही. गावाला जाणारा माणूस तसं बोलत नाही. संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर मी हे घरात सांगितलं. सांगताना जरा ताठच बसले होते, खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, "वेरोनिकानं जे केलं तेच करतेय मी. सगळ्यांनी टाकलेल्या माणसाचे कपडे धुतेय."

सासूबाई जपमाळ गुंडाळत होत्या. "वेरोनिका मागच्या दारानं गेली होती का गं?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्हाला बसल्या जागी बोलायला काय जातं? वहिनीची पोरगी बिछान्यात आहे! समोरून मामाला आत घेतलं तर मी वहिनीला कुठलं तोंड दाखवू?"

"पोरीचं दुखणं तुझ्या काळजाला लागलंय, ते बरोबरच आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण त्यासाठी त्या माणसाला लपवावं लागतं का? तू त्याचे कपडे धुतेस की चोरीचा माल?"

मी ताटं अशी आपटली की शेजारच्यांनी खिडकी लावली. ह्यांच्याकडे बघितलं, म्हटलं निदान नवरा तरी माझ्या बाजूनं बोलेल. योसेफ उठले आणि ताटं पुसायला लागले.

पुढच्या आठवड्यात पाइप टाकायला मागची गल्ली खणली. मागच्या दाराबाहेर कमरेएवढा खड्डा. आता मामा पुढूनच येणार, हे मला आदल्या दिवशीच सुचायला हवं होतं, पण नाही सुचलं. मी सकाळी चर्चचं काम घेऊन बसले होते. वेदीवर अंथरायचा कपडा दर आठवड्याला आमच्याकडे येतो. पांढराशुभ्र, कडेला सिस्टरांनी हातानं विणलेली लेस. तो मी सगळ्यांत आधी, हात धुऊन, टेबलावर स्वच्छ चादर घालून करते. नुकती शेवटची घडी घालत होते आणि काचेतून मामा दिसले. गल्ली बंद म्हणून पुढून येत होते, डाव्या हातात गाठोडं, मान खाली.

समोर भाऊ बेकरीच्या नळावर ट्रे खरवडत बसले होते. ट्रे खरवडला की जळकं तेल, काजळी आणि साबण मिळून काळंकुट्ट पाणी निघतं. त्यांनी मान वर केली, मामांना पाहिलं, आणि बादली उचलली.

सगळं पाणी तोंडावर.

रस्ता जिथल्या तिथे थांबला. कुणीतरी हसलं. मामा उभेच. डोळ्यांत, नाकात, ओठांवर ते काळं तेल ओघळतंय, आणि हा माणूस तोंडसुद्धा पुसेना. मला आधी रागच आला, की अहो पुसा ना! मग त्यांचा उजवा हात दिसला. वर यायला बघत होता, छातीपर्यंत येत होता आणि परत खाली जात होता. डाव्या हातातलं गाठोडं सोडायचं त्यांना भानच नव्हतं.

मग मी काय केलं ते मला धड आठवत नाही. म्हणजे क्रूसाची खूण केली, भर काउंटरवर, हे लोकांनी मला नंतर सांगितलं. हाताला लागलं ते कापड उचललं आणि रस्त्याच्या मधोमध गेले. पोराचं तोंड पुसतात तसं मी मामांचं तोंड पुसलं. आधी डोळे, मग नाक, मग कानामागे. "डोळे मिटा," मी म्हणत होते. "मिटा म्हणते ना! झोंबेल."

"बाई, कुणाची बाजू घेताय?" किराणावाला ओरडला. "आधी निकाल तर लागू द्या!"

"निकाल?" मी गर्रकन वळले. आता तोंडाचं झाकण उडालंच होतं. "तिनं ज्याचं तोंड पुसलं त्याचा निकाल लागलेला होता! विरुद्धच लागला होता! तरी ती पुढे झाली ना?"

"कोण ती?"

"वेरोनिका!"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. चहावाला म्हणाला, "ही वेरोनिका कोण? वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलीय का?"

तेव्हा मी भर रस्त्यात, हातात काळं झालेलं कापड घेऊन, वेरोनिकाची गोष्ट सांगितली. येशूची, क्रूसाची, थुंकणाऱ्या लोकांची. कोटांच्या मागे जे नाव घ्यायचे ते चारचौघांत घेतलं. आवाज फाटला होता. शेवटी म्हटलं, "हा माणूस चुकलाय की नाही, मला माहीत नाही. मी पोलीस नाही. मी ख्रिस्ती आहे, आणि ह्याचं तोंड माखलेलं आहे, एवढंच मला दिसतंय." गळ्यातलं पदक धावताना बाहेर आलं होतं. ते मी पुन्हा आत घातलं नाही.

भाऊंच्या हातातली बादली खाली आली, पण डोळे नाही. "आमचे कोट परत द्या," ते म्हणाले. "आजपासून आपला संबंध संपला." वहिनी बेकरीच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि दार लावून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं, हे मामा म्हणाले होते ते मला तेव्हा कळलं.

मी तिथेच रडत उभी राहिले असते, पण आमचे हे आले. मामांच्या हातातलं गाठोडं घेतलं, खांद्यावर हात ठेवून त्यांना पुढच्या दारानं आत नेलं, स्टुलावर बसवलं. मग आदल्या दिवशी धुतलेला मामांचा शर्ट काढला आणि खिडकीतल्या दांडीवर, अगदी मधोमध, सगळ्या रस्त्याला दिसेल असा टांगला. तोंडातून अक्षर नाही.

आत येऊन मी हातातल्या कापडाकडे पाहिलं, आणि लेस दिसली.

"अगं बाई गं," मी म्हटलं आणि खाली बसले.

सोडा, लिंबू, खडू, उकळी, ऊन, सगळं करून झालं. काळं गेलं, पण तळहाताएवढा पिवळट डाग काही हटेना. रविवारच्या आत मी तो कपडा घेऊन चर्चमध्ये गेले. सिस्टरनी कपाळाला हात लावला. "वेदीचा कपडा! माणसाचं तोंड पुसायला!" फादरांनी सगळं ऐकून घेतलं, कापड उजेडात धरलं आणि विचारलं, "चेहरा वगैरे काही उमटला?"

"नाही फादर. ट्रे खरवडल्याचं तेल उमटलं."

ते इतके हसले की सिस्टरही हसली. मग त्यांनी कापड वेदीवर अंथरलं. सिस्टर डाग मागच्या बाजूला, खाली दडवायला लागली, तर म्हणाले, "नको. तो वर, माझ्यासमोर येऊ दे. मिस्साची प्रार्थना करताना मला दिसायला हवा."

ऐकायला गोड वाटतं. पण नंतरचे दिवस काही गोड नव्हते. पोलिसांची चौकशी लांबतच राहिली. बेकरीचे कोट गेले, त्यांच्या मागोमाग आणखी काही घरं गेली, आणि त्यातली बरीच परत आलेली नाहीत. वहिनी रस्त्यात भेटली की दुसरीकडे बघायची. मी बॉयलरजवळ जाऊन रडायचे, तिथे वाफेत कळत नाही. पण मामा निघून गेले नाहीत. मी जाऊच दिलं नाही. "कपडे पोचवायला माणूस हवाय, डाव्या हाताने ढकलता येईल अशी गाडी आहे," मी म्हटलं, आणि डॉक्टरकडेही ओढत नेलं. खांद्याचं हाड अपघातातच तुटलेलं, वेडंवाकडं जुळलेलं. "इतके दिवस दाखवलं का नाही?" डॉक्टर ओरडला. मामा म्हणाले, "त्या पोरीपुढे माझं काय दाखवायचं?"

आणि जेवणाआधी क्रूसाची खूण मी आता काउंटरवरच करते. लोकांना त्याचं काही वाटत नाही. इतकी वर्षं कोट उगाच मध्ये आणले.

पावसाळी ढग होते त्या सकाळची गोष्ट. गल्ली कधीच बुजवली होती. मागच्या दारावर टकटक झाली. उघडलं तर बेकरीवाले भाऊ, खांद्यावर पांढऱ्या कोटांचा बोजा, आणि गल्लीत दोन्हीकडे बघतायत.

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, देवालाच ठाऊक. पण निघालं एवढंच, "भाऊ, पुढच्या दारानं या."

"पुढे तो असतो," ते म्हणाले.

"म्हणूनच."

मी दार लावलं. वाटलं, गेले. पण थोड्या वेळानं पुढची घंटी वाजली. मामा काउंटरशी कपडे मोजून गाडीत ठेवत होते. भाऊंना बघून मागे सरले, भिंतीला टेकले.

"मी तुला माफ केलेलं नाही," भाऊ म्हणाले. "ते आधी ऐक."

मामांनी मान हलवली.

"प्लास्टर निघालं तिचं. काठी घेऊन चालते." भाऊंनी बोजा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. "काल रात्री जेवताना मला म्हणाली, बाबा, व्हॅनमामांना पण लागलं होतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही. तर म्हणते, इतके दिवस झाले, तुम्ही विचारलंच नाही?"

मग त्यांनी पहिल्यांदाच मामांकडे नीट बघितलं.

"म्हणून विचारायला आलो," भाऊ म्हणाले. "लागलं होतं का तुला?"

मामांनी उजवा हात वर उचलायला घेतला. छातीपर्यंत आला, गळ्यापर्यंत आला, आणि तिथेच अडला. तोंडापर्यंत काही गेला नाही.

भाऊ त्या हाताकडे बघत राहिले. बघता बघता त्यांना ती बादली आठवली असणार, कारण त्यांचं तोंड एकदम वाकडं झालं. कोटांचा बोजा जमिनीवर पडला, आणि हा धिप्पाड माणूस भर दुकानात हमसाहमशी रडायला लागला.

मामा पुढे झाले. डाव्या हातानं काउंटरवरची वरची घडी उचलली, झटकून उलगडली आणि भाऊंच्या तोंडाला लावली. आधी डोळे, मग नाक.

मला लेस दिसली.

"अहो मामा!" मी किंचाळले. "तो चर्चचा आहे!"

आणि तेव्हा इस्त्री खाली ठेवून, ताप नसताना, आमचे हे बोलले.

"असू दे," ते म्हणाले.